ट्रायलचा तोटा कुणाच्या शिफ्टवर?

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायच्या कारखान्यात, मला अकरा वर्षं झाली. पहिली चार वर्षं सँड टेस्टिंग (साच्याची वाळू तपासणं) आणि रिजेक्शनचे (नापास झालेल्या मालाचे) रिपोर्ट करण्यात गेली. पाचव्या वर्षी मालक पुण्यातला एक सेमिनार ऐकून आले आणि मीटिंगमध्ये म्हणाले, "आपल्यात इनोव्हेशन पाहिजे." सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. कारण एवढंच की वयानं मी सगळ्यांत लहान होतो आणि मला पीपीटी करता यायची. इनोव्हेशनचं पद मिळालं, हाताखाली माणूस नाही, बजेट नाही. आता अशाच नेमणुका झालेली पोरं-पोरी फोन करतात, "सर, सुरुवात कुठून करू?" म्हणून विचारतात. त्यांना तुकड्या-तुकड्यानं सांगितलेलं एकदा सलग लिहितोय.

सुरुवात मी चुकीचीच केली. गेटजवळ सूचनापेटी लावली. लाल पेटी, कुलूप, वर 'तुमची कल्पना, आपली प्रगती' असलं काहीतरी. पहिल्या महिन्यात ४३ चिठ्ठ्या निघाल्या. त्यातल्या तिसेक चहात पाणी जास्त असतं, फेटलिंगमधला (ओतलेला माल घासून साफ करतात तिथला) पंखा बंद आहे, मोटारसायकलींना शेड नाही, अशा. मी वैतागलो, त्या बाजूला सारल्या आणि 'कामाच्या' चिठ्ठ्या शोधत बसलो. दुसऱ्या महिन्यात नऊ आल्या. तिसऱ्यात एक, तीही कुणीतरी चेष्टेनं टाकलेली.

पंख्याची चिठ्ठी ही परीक्षा होती, हे मला फार उशिरा कळलं. वरती कुणी वाचतंय का, हे माणूस आधी स्वस्तातल्या गोष्टीवर तपासून बघतो. पंखा चालू झाला असता तर त्याच माणसानं पुढची चिठ्ठी मोल्डिंग लाइनबद्दल टाकली असती. म्हणून नवीन माणसाला मी सांगतो, पेटी लावायची तर आठवड्यात उत्तर द्यायची तयारी ठेवा. 'नाही' हेही उत्तर चालतं, पण ते तोंडावर आणि कारणासकट द्यायचं.

आता मुख्य गोष्ट. आमच्याकडं जुलै-ऑगस्टमध्ये ब्लो होलचं (ओतीव मालात वायू अडकून पडलेल्या पोकळ्यांचं) रिजेक्शन दरवर्षी वाढायचं. कोल्हापूरचा पाऊस सांगायला नको. सगळे सँडकडं बोट दाखवायचे, मीही. मॉइश्चर मोजायचो, ते बरोबर यायचं, रिजेक्शन काही कमी व्हायचं नाही. कोअर शॉपमध्ये, म्हणजे ओतीव मालातली पोकळी राखायला साच्यात ठेवायचे वाळूचे गाभे (कोअर) बनवतात तिथं, प्रयाग चिखलीचे एक मामा होते, शिक्षण सातवी, नोकरी सव्वीस वर्षांची. एकदा त्यांच्याकडचे कोअर ड्रायिंग ओव्हनच्या वरच्या फळीवर ठेवलेले दिसले. कारण विचारलं तर म्हणाले, "रातपाळीचं कोअर शटरजवळ उघडं पडत्यात ओ सर. सकाळपत्तूर वल धरत्यात. माझं मी वर ठेवतो."

कोल्ड बॉक्सचा (न तापवता, गॅसनं कडक केलेला) कोअर दमट हवेत राहिला की ओल शोषतो, त्याची ताकदही उतरते. साच्यात १४०० अंशांच्या आसपासचं लोखंड त्याला भिडलं की त्या ओलीची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही की ती धातूतच अडकते. हे मी इंजिनिअरिंगला शिकलो होतो, परीक्षेत लिहिलंही होतं. शटरजवळून मात्र रोज चालत गेलो आणि दिसलं काहीच नाही.

कल्पना मिळाली, कारण पटलं, खर्चही फारसा नव्हता. कोअर ठेवायला एक बंदिस्त, गरम खोली हवी होती. त्याआधी एक साधी ट्रायल घ्यायची होती. गरम ठेवलेले आणि उघड्यावर ठेवलेले कोअर खुणा करून साच्यात ठेवायचे, त्यांवर एकाच हीटचं (भट्टीतल्या एका घाण्याचं) लोखंड ओतायचं आणि मशीनिंगनंतर दोष मोजायचे. रात्रपाळीचे सुपरवायझर नाही म्हणाले. दुसऱ्या पाळीचेही. मी त्यांना बदलाला विरोध करणारी जुनी माणसं समजलो, एकदोघांशी भांडलोसुद्धा. शेवटी एकानं रिजेक्शनचं रजिस्टर माझ्यासमोर आपटलं आणि म्हणाला, "ट्रायलचं चार पीस गेलं तर कुणाच्या नावावर मांडणार? माझ्याच शिफ्टच्या ना? इन्सेंटिव्ह तुमी देणार हाय काय?"

त्याचं बरोबर होतं. रजिस्टरमध्ये तारीख, शिफ्ट, पार्ट, दोष, नग असे रकाने होते. ट्रायलला रकाना नव्हता. सुधारणा झाली तर नाव माझं, पीस गेले तर पगार त्याचा. असं असताना तो हो कशाला म्हणेल? संस्थेत नवं काही होत नाही तेव्हा आपण माणसांच्या स्वभावात कारण शोधतो. मी आता आधी रकाने बघतो.

पुढचे दोन महिने मी कल्पनेवर काहीच काम केलं नाही. अकाउंट्समधल्या साहेबांच्या टेबलाशी बसून 'ट्रायल' नावाचं वेगळं खातं उघडून घेतलं. त्यासाठी खरा तोटा किती, हे मांडावं लागलं. रिजेक्ट कास्टिंग वितळवून परत वापरता येतं, म्हणजे लोखंड बुडत नाही. बुडते ती वीज, मजुरी, सँड, कोअर आणि लाइनचा वेळ. इंडक्शन भट्टीत टनभर लोखंड वितळवायला साधारण ६०० युनिट लागतात, तिथून हिशेब सुरू केला. दोष मशीनिंगनंतर सापडला तर तोटा वाढतो, आणि गिऱ्हाइकाच्या दारात सापडला तर विचारूच नका. ठरलं ते असं: महिन्याला दोन हीट ट्रायलसाठी, त्यातलं स्क्रॅप कुठल्याही शिफ्टच्या नावावर नाही, आणि ट्रायलचा एकही पीस तपासल्याशिवाय डिस्पॅचला नाही. मालकांनी सही करायला तीन आठवडे लावले. सही झाल्यावर रात्रपाळीचे तेच सुपरवायझर स्वतःहून म्हणाले, "कधी घ्यायची सांगा." त्या पावसाळ्यात ट्रायल झाली, फरक डोळ्यांना दिसला आणि दिवाळीनंतर खोली उभी राहिली.

सेमिनारमध्ये थ्रीएम कंपनीचा दाखला हमखास ऐकवतात. कर्मचाऱ्यांना १५ टक्के वेळ स्वतःच्या कल्पनांसाठी, मग त्यातून चिकट चिठ्ठ्या, वगैरे. त्यातल्या तारखा मात्र कुणी सांगत नाही. तो हलका चिकटणारा गोंद १९६८ मध्ये सापडला, त्याचा उपयोग १९७४ मध्ये दुसऱ्याच माणसाला सुचला आणि माल अमेरिकाभर बाजारात आला १९८० मध्ये. मधली बारा वर्षं कुणीतरी ती गोष्ट मरू दिली नाही. कॅमेऱ्याची फिल्म बनवणाऱ्या कोडॅकचंही तसंच. पहिला डिजिटल कॅमेरा १९७५ मध्ये त्यांच्याच इंजिनिअरनं केला होता. कल्पना घरातच होती. तिला घरात खातं मिळालं नाही, असं मी माझ्या भाषेत म्हणतो.

पण ट्रायल चालू करणं जेवढं अवघड, तेवढंच ती बंद करणंही. इथं मी स्वतः चांगला आपटलोय. कोअरच्या यशानंतर डोक्यात हवा गेली. सँड मिक्सरवर सेन्सर बसवून मॉइश्चरचे आकडे मोबाइलवर आणायचे, हे माझं लाडकं प्रकरण. सेन्सरवर सँडचा थर बसायचा, आकडा भरकटायचा, मेंटेनन्सवाले दर पाळीला साफ करून कंटाळले. तीन महिन्यांत कळलं होतं की हे आमच्या मिक्सरवर चालणार नाही. तरी मी आठ महिने ओढलं, कारण कल्पना माझी होती. दुसऱ्या कुणाची असती तर दीड महिन्यात गुंडाळायला लावली असती.

एक दिवस डबा खाताना मामांनी विचारलं, "ह्याची धोका पातळी किती ओ सर?" मी हसलो. ते हसले नाहीत. चिखलीला दर पावसाळ्यात पंचगंगेचं पाणी येतं. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३, हे कोल्हापुरात पोराटोरांना पाठ असतं. "आमी पाणी दारात आल्यावर इचार करत बसत न्हाई. एकुणचाळीस झालं की जनावरं भाईर. आकडा उन्हाळ्यातच ठरलेला असतोय." २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, त्या वर्षी ज्यांनी अजून थोडं बघू म्हटलं त्यांच्या गोठ्यांचं काय झालं, ते मामांनी त्या दिवशी सांगितलं. ते इथं लिहीत नाही.

तेव्हापासून आमच्या ट्रायल शीटवर पहिल्या दोन ओळी इशारा आणि धोका अशा असतात. एवढे पीस गेले, एवढे दिवस झाले, एवढा खर्च झाला की थांबून बसायचं. त्याच्या पुढचा आकडा आला की चर्चा नाही, बंद. दोन्ही आकडे ट्रायलच्या आधी, ज्याची कल्पना त्याच्याच हातानं. दुसरं एक बंधाऱ्याकडूनच घेतलं. आपल्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याला पावसाळ्याआधी बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) काढून पूर जाऊ देतात आणि पाऊस ओसरला की परत घालतात. ट्रायल अशीच मांडायची, की बरगे काढल्यासारखी एका पाळीत जुन्या पद्धतीवर येता आलं पाहिजे. लाइन तोडून, जुनं मशीन विकून केलेल्या प्रयोगाला मी ट्रायल म्हणत नाही.

शिकायचं काय, असंही विचारतात. इनोव्हेशन मॅनेजमेंटसाठी आयएसओची ५६००० मालिका आहे. त्यातलं ५६००२ हे २०१९ चं मार्गदर्शक आणि ५६००१ हे २०२४ चं, सर्टिफिकेट घेता येईल असं. भाषा कोरडी आहे, पण नेतृत्व, साधनं, मोजमाप यांची चौकट कळते. एकदा वाचा. एमबीए केलंच पाहिजे असं मला वाटत नाही. कॉस्टिंग मात्र शिका, ते आलं नाही तर अकाउंट्सच्या टेबलावर तुमचं कुणी ऐकत नाही. ओळखी वाढवायच्या तर स्टोअरकीपर, पॅटर्नमेकर आणि मेंटेनन्सच्या फोरमनशी वाढवा. वरच्या केबिनच्या ओळखी आपोआप होतात.

पगाराचंही बोलतो, कारण ते कुणी सांगत नाही. हे पद अप्रेझलच्या वेळी पोरकं असतं. प्रॉडक्शनवाल्याकडं टनाचा आकडा असतो, तुमच्याकडं गोष्टी असतात. मी पाच वर्षं एका लाइनच्या रिजेक्शनची जबाबदारीही स्वतःकडं ठेवली, ती यासाठीच. आणि इंटरव्ह्यूला गेलात की एक प्रश्न नक्की विचारा: "तुमच्याकडं ट्रायल फसली तर तोटा कुठल्या खात्यात जातो?" समोरचा गोंधळला तर समजा की पहिले सहा महिने तुम्ही तेच काम करणार आहात. ते वाईट नाही, फक्त आधी माहीत असावं.

मामा गेल्या वर्षी निवृत्त झाले. पेटी अजून गेटजवळ आहे, रंग उडालाय. माझ्या खणात आज सात चिठ्ठ्या उत्तराविना आहेत, त्यातली एक चहाचीच आहे.