घोडा उधळला तर? मुंबईत रायडिंग शिकणाऱ्यांसाठी

रायडिंग शिकायला आलेल्या प्रत्येकाच्या मनात हा प्रश्न असतोच, विचारणारे थोडे. मी त्यांना आधी एक उलटा प्रश्न विचारते: तुम्ही ज्याच्यावर बसणार आहात तो घोडा पूर्वी काय करत होता?

महालक्ष्मीचा रेसकोर्स १८८३ सालचा. त्यामुळे या शहरात रेसमधून निवृत्त झालेल्या थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीच्या, घोड्यांची वानवा नाही आणि रायडिंगला मिळणारे बरेच घोडे त्यांतलेच असतात. जॉकी लगामावर ताण धरतो आणि घोडा त्या ताणावर भार टाकून पळतो, हे त्याच्या अंगात लहानपणीच मुरलेलं असतं. आता घाबरलेला नवशिका काय करतो? पुढे वाकतो, टाचा पोटात रुतवतो आणि दोन्ही हातांनी लगाम खेचून धरतो. थांबण्यासाठी म्हणून तो जे जे करतो, ते त्या घोड्याला ‘पळ’ असंच वाटतं. साडेचारशे-पाचशे किलोंच्या जनावराशी रस्सीखेच तशीही जिंकता येत नाही.

प्रत्येक वेगवान घोडा उधळलेला नसतो. नुसता बुजलेला घोडा बाजूला उडी मारतो, चार पावलं पळतो आणि भानावर येतो. काही घोडे खुशीत किंवा घाईत जोर करतात. माथेरानला परतीच्या वाटेवर घोडं आपोआप पाय उचलतं ते तबेल्याच्या ओढीनं. उधळलेला घोडा मात्र भीतीनं किंवा वेदनेनं पळत असतो आणि समोर कुंपण आहे की रस्ता, हे त्याला दिसेनासं होतं. घोडा हा शिकार होणारा प्राणी. आधी पळायचं आणि विचार नंतर, यावरच त्याची जात टिकली. त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं, पण कपाळासमोर अगदी जवळचं आणि शेपटीमागचं दिसत नाही. म्हणून मागून फडफडत आलेली प्लॅस्टिकची पिशवी त्याला वाघासारखी वाटते. मुंबईत तर संक्रांतीचे पतंग, दिवाळीचे फटाके, विसर्जनाचे ताशे आणि वर्षभर हॉर्न. त्यात इथल्या घोड्यांना मोकळं कुरण नाही. पावसात काम बंद पडलं आणि खुराक तसाच राहिला, की उघडीप मिळाल्यावर पहिल्या दिवशी अंगातली सगळी रग बाहेर येते. अशा दिवशी आधी घोडा लांब दोरीवर गोल फिरवून घ्यायला सांगा. लाजू नका.

खरी संधी उधळण्याच्या आधीच्या दोन-चार पावलांत असते. मान वर, कान एकाच जागी रोखलेले, खोगिराखाली पाठ लाकडासारखी ताठ, पावलं आखूड आणि घाईची. हे जाणवलं की सरळ रेषेत ठेवू नका. मोठ्या वर्तुळावर घ्या, दुडकीत वळवत राहा, त्याला डोकं वापरायला लावा.

सुटलाच, तर आधी मांड, म्हणजे घोड्यावरची बैठक, सांभाळा. पाठ सरळ, खांदे मागे, टाचा खाली, पाय पोटाला न आवळता. श्वास सोडा आणि ओरडू नका. मग लगाम ओढा-सोडा, ओढा-सोडा. सोडणं विसरलात की पुन्हा रेस सुरू. तेवढ्यानं भागलं नाही तर एक हात आखूड लगामासह आयाळीपाशी मानेवर रोवायचा आणि दुसऱ्या हातानं वर-मागे ठाम ओढ देऊन लगेच ढिली करायची. याचा घोड्याच्या तोंडाला त्रास होतो, म्हणून हे आधी प्रशिक्षकासमोर उभ्या घोड्यावर आणि चालीत शिकून घ्या. जागा असेल तर मोठं वर्तुळ घेऊन ते हळूहळू लहान करा. भरधाव घोड्याचं तोंड एकदम गुडघ्याकडे खेचण्याचे व्हिडिओ फिरतात, त्यांच्या नादी लागू नका. तोल जाऊन घोडा तुमच्यासकट कोसळू शकतो. उडी मारणं अगदी शेवटचं, पुढे वाहता रस्ता वगैरे असेल तरच.

आणि दुसऱ्याचा घोडा उधळला तर त्याच्या मागे आपला घोडा घालू नका. मागून टापा ऐकू आल्या की तो आणखी पळतो. रिंगणातल्या सगळ्यांनी जागीच थांबायचं.

हेल्मेटचा पट्टा लावलेला हवा, बुटाला टाच हवी. जाड खाचांच्या तळव्याचे स्पोर्ट्स शूज रिकिबीत, म्हणजे पाय ठेवायच्या कड्यात, अडकतात आणि पडल्यावर फरफटत जाण्याची वेळ येते.

घोडा थांबल्यावर त्याला मारू नका. त्याला कळेल ते एवढंच, की थांबलं की मार बसतो. खोगीर कुठे टोचतंय का, दात, पाठ, हे पाहायला साईसाला, म्हणजे घोड्याची निगा राखणाऱ्याला, सांगा. कुठल्या घोड्याचं काय दुखतं हे त्याला प्रशिक्षकाच्याही आधी ठाऊक असतं, त्यामुळे त्याच्याशी दोन शब्द बोलत चला. एकच घोडा पुन्हा पुन्हा उधळत असेल तर डॉक्टरांनी तपासल्याशिवाय त्याच्यावर बसायला नकार द्या. ‘तुझीच मांड कच्ची’ असं ऐकवून तोच घोडा पुढच्या मुलाला देत असतील, तर शिकायची जागा बदला.