पावसात पॉवर विंडो रुसली? तात्पुरत्या जुगाडात या चुका टाळा

जुन्या गाडीची पॉवर विंडो बंद पडायची तर नेमकी काच खाली असतानाच पडते. वर अडकली असती तर दोन महिने कुणाला पत्ताही लागला नसता. त्यात कोकणातला पाऊस, वर्षाला 3000 मिलिमीटरच्या घरात पडणारा. आणि दिवस गणपतीचे असले तर इलेक्ट्रिशियन स्वतःच गावी आरतीला. मग गाडीवाला हाताला लागेल ते करतो आणि खरं नुकसान तिथेच होतं. मूळ दोष असतो एखादी तुटलेली वायर. आठवड्याने गाडी गॅरेजला पोचते तेव्हा मोटार जळलेली असते, काच फुटलेली असते आणि सीटला बुरशी चढलेली असते.

बटण दाबत राहू नका

सगळ्यात मोठी चूक हीच. काच हलत नाही म्हटल्यावर माणूस बटणावरचा अंगठा काढतच नाही. कणकवलीकडच्या कुठल्याही गॅरेजात गिऱ्हाईक बटण दाबून दाखवायला लागलं की आतून आवाज येतो, "भाऊनू, आधी बटण सोडा. मोटार जळतली!" बऱ्याच मोटारींत तापल्यावर वीज तोडणारी सोय असते. थोड्या वेळाने ती थंड होते, मोटार पुन्हा फिरते आणि आपल्याला वाटतं, झालं काम. झालेलं काहीच नसतं. अडकलेल्या काचेला ढकलताना ती पुन्हा तापते, एवढंच.

बटण दाबण्यापेक्षा कान लावा. अजिबात आवाज नसेल तर फ्यूज, स्विच, वायर नाहीतर मोटार. घरघर येते पण काच हलत नाही, तर केबल किंवा गिअरचे दाते गेले. मोटारीच्या आत वर्म गिअर असतो, म्हणजे मोटारीने काच हलते पण काचेने मोटार फिरत नाही असा स्क्रूसारखा गिअर. त्यामुळे मोटार मेली तरी काच आपोआप खाली येत नाही. म्हणून काच हाताने सटकन खाली जात असेल तर वायरिंग उकरत बसू नका, रेग्युलेटरची (काच वर-खाली नेणाऱ्या यंत्रणेची) केबल किंवा काच धरणारी प्लास्टिकची क्लिप तुटली आहे.

मागच्या दाराची काच चालत नसेल तर ड्रायव्हरपाशी असलेलं खिडक्या लॉक करायचं बटण आधी बघा. यावर पैसे मोजून आलेली माणसं कमी नाहीत.

फ्यूजच्या जागी तार नको

फ्यूज उडाला की सिगारेटच्या पाकिटातली चांदी किंवा तांब्याची तार घालणारे महाभाग अजून आहेत. पात्याच्या फ्यूजला रंग ठरलेला असतो: पिवळा 20 अँपिअरचा, पारदर्शक 25 चा, हिरवा 30 चा. होता तोच घाला. नवा फ्यूज लगेच उडाला तर कुठेतरी वायर घासून पत्र्याला लागते आहे. तिथे तार घातलीत तर फ्यूजऐवजी दारातली वायर जळेल.

घासलेली किंवा तुटलेली वायर बहुधा बिजागरीपाशी, दार आणि गाडीचा खांब यांच्यामधल्या रबरी नळीत सापडते. दार हजारदा उघडलं-मिटलं की आतलं तांबं तुटतं, वरचं प्लास्टिक मात्र शाबूत दिसतं. एकाने बटण दाबायचं, दुसऱ्याने दार हळूहळू पुढेमागे करायचं. एखाद्या ठिकाणी काच दचकली तर दोष सापडला.

बॅटरीवरून थेट वीज देऊन काच वर घेता येते. दाराचं पॅनल काढून मोटारीचा कनेक्टर सोडवायचा आणि तिच्या दोन टोकांना 12 व्होल्ट द्यायचे. काच खाली जायला लागली तर वायरी उलटवायच्या. पण मधे फ्यूज हवाच, आणि काच वर टेकताक्षणी वायर काढायची. ही जोडणी कायम ठेवून डॅशबोर्डवर घरातलं बेलचं बटण बसवलेल्या गाड्या रस्त्यावर फिरतात. तसलं करू नका.

काच वर घेताना आणि टेकवताना

आधी सोपा मार्ग. एकाने बटण वरच्या बाजूला धरायचं, दुसऱ्याने काचेला आतून-बाहेरून दोन्ही तळवे दाबून ती वर सरकवायची. तळवे कोरडे हवेत. जांभ्याची तांबडी धूळ आणि खारी हवा यांनी काचेच्या कडेचं रबर एवढं आवळलेलं असतं की मोटार धडधाकट असूनही काच चढत नाही. या रबरात सिलिकॉन स्प्रे मारा. ग्रीस किंवा जळकं ऑइल मारलंत तर त्यावर धूळ बसून लगदा होतो आणि रबरही फुगतं.

स्क्रू-ड्रायव्हरने काच उचकटायला जाऊ नका. दाराची काच सहसा टफन्ड, म्हणजे तापवून कडक केलेली असते. तिच्या पृष्ठभागावर थाप मारलीत तर काही होत नाही, पण कडेला लोखंडाचं टोक टोचलं की क्षणात तिचे खडीसाखरेएवढे खडे होतात.

वर आलेली काच टिकवायची कशी? लोक वरून पाचर ठोकतात. पाचर एका बिंदूवर जोर देते आणि खड्ड्यात गाडी आदळली की निसटते. त्यापेक्षा आधार खालून द्या. पॅनल काढलेलंच असेल तर काचेच्या खालच्या पट्टीपासून दाराच्या तळापर्यंतचं अंतर मोजा, त्या मापाचा पीव्हीसी पाइपचा तुकडा कापा आणि वरच्या तोंडाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून उभा करा. बागेत पाणी नेणाऱ्या प्रत्येकाच्या मागीलदारी असे तुकडे पडलेले असतात. लाकूड नको. ते पाणी पिऊन फुगतं. पाइप दाराच्या तळाच्या भोकावर उभा करू नका, काचेबरोबर आत येणारं पाणी तिथूनच बाहेर जातं. ही भोकं चिखलाने बुजलेली असतील तर काडीने मोकळी करा. "पाणी येतं" म्हणून ती एम-सीलने बुजवणाऱ्यांची दारं खालून कुजतात.

काच टेकली की मोटारीचा कनेक्टर सुटाच ठेवा, नाहीतर घरातलं पोर बटण दाबणार आणि तुमचा आधार मोडणार.

पॅनलमागे काळ्या चिकट डिंकाने लावलेला पॉलिथिनचा पडदा असतो. तो फाडून फेकू नका. दारात उतरलेलं पाणी तो आत, तुमच्या मॅटवर, येऊ देत नाही. फाटलाच तर जाड प्लास्टिक कापून परत चिकटवा.

चिकटपट्टी, प्लास्टिक, फेव्हिक्विक

काच वर येतच नसेल तरच प्लास्टिक. दार उघडून जाड पारदर्शक प्लास्टिक चौकटीवरून आत दुमडायचं आणि दार लावायचं, म्हणजे दाराच्या रबरातच ते आवळलं जातं. बाहेरून नुसती पट्टी मारलीत तर हायवेवर ती दहा किलोमीटरही टिकत नाही. ओल्या पत्र्यावर पट्टी चिकटतच नाही, आणि उन्हात तापलेली तपकिरी पट्टी ओढताना जुना रंग सोबत घेऊन जाते. ड्रायव्हरच्या बाजूला काळी ताडपत्री तर मुळीच नको, उजवा आरसा दिसायचा बंद होतो.

तुटलेल्या क्लिपला फेव्हिक्विक लावून बघणारे असतात. तो जोड ठिसूळ असतो आणि दार आपटलं की सुटतो. काच कायमची सिलिकॉन सीलंटने चिकटवून टाकणं हा त्याहून वाईट उद्योग, पुढे ती खरवडताना रबरच फाटतं. निदान दुसऱ्या बाजूची एक काच चालती ठेवा. गाडी पाण्यात अडकली तर बाहेर पडायला वाट लागते. जुलै 2021 च्या वाशिष्ठीच्या पुरानंतर चिपळूणकरांना हे सांगायला नको.

मागची काच

डिकीच्या दाराची काच फुटली किंवा आंब्याच्या पेट्यांसाठी डिकीचं दार बांधून अर्धवट उघडं ठेवलं, की लोकांना वाटतं फक्त पावसाची अडचण. गाडी पळते तेव्हा तिच्यामागे हवेचा दाब कमी होतो आणि सायलेन्सरचा धूर आत ओढला जातो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. त्याने डोकं जड होतं, मळमळतं, आणि आंबा घाटाच्या वळणांवर "गाडी लागली" म्हणून सगळे ते सोडून देतात. मागची बाजू नीट बंद करा. तोवर पुढच्या काचा थोड्या खाली आणि ब्लोअर बाहेरची हवा घेणाऱ्या मोडवर ठेवा.

टोयोटा फोररनरसारख्या परदेशी गाड्यांत डिकीच्या दाराची काचही विजेवर खालीवर होते. अशा काही गाड्यांत दार नीट बंद झालेलं नसेल तर लॅचमधला (दार अडकवणाऱ्या कडीतला) स्विच मोटारीला वीजच देत नाही. लॅच गंजला तर चांगली मोटार मेलेली वाटते. आधी लॅच साफ करा.

गॅरेजात गेल्यावर तुटलेला भाग दाखवायला मागा. नुसती क्लिप तुटली असेल आणि तुमच्या मॉडेलची क्लिप सुटी मिळत असेल तर पूर्ण रेग्युलेटर बदलायची गरज नसते. पण केबलच्या तारा सुटून ड्रमभोवती (केबल गुंडाळणाऱ्या चाकाभोवती) गुंडाळल्या असतील तर रेग्युलेटर नवाच घ्या. जुनी मोटार चालते आहे का, हे मात्र त्याआधी बॅटरीवर फिरवून बघायला लावा.