आधी प्रश्नोत्तरी, मग मंडळी: रिफॉर्म्ड शिकवणीकडे वळणाऱ्या कुटुंबासाठी

रिफॉर्म्ड शिकवण, म्हणजे कॅल्विनच्या परंपरेतली प्रोटेस्टंट शिकवण, आजकाल बऱ्याच घरांत मोबाईलवरून शिरते. घरातला एक जण इंग्रजी उपदेश ऐकू लागतो. दोन महिन्यांत ‘निवड’ आणि ‘पूर्वनियोजन’ (कोणाला तारायचं हे देवाने आधीच ठरवलं आहे, ही शिकवण) हे शब्द जेवणाच्या ताटापर्यंत पोचतात. परवापर्यंत संडे स्कूल शिकवणाऱ्या या माणसाला पाळकसाहेबांचं सगळंच चुकीचं का वाटू लागलं, हे बाकीच्यांना कळत नाही. या टप्प्यावर मंडळी (चर्च) बदलली की सहसा घरातला एक जण जातो आणि बाकीचे त्याच्या मागे ओढले जातात. म्हणून पहिलं वर्ष शिकण्यासाठी ठेवा. त्या वर्षात राजीनामा नको, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वाद नको आणि पाळकांना लांबलचक पत्रही नको. मात्र जिथे ख्रिस्ताचं देवत्व किंवा पुनरुत्थान नाकारलं जातं, किंवा जिथे मुलं आणि स्त्रिया सुरक्षित नाहीत, तिथे वर्षभर थांबू नका.

शिकण्याची सुरुवात तारणाविषयीच्या प्रसिद्ध ‘पाच मुद्द्यां’पासून करू नका. ते मुद्दे १६१८-१९ मध्ये नेदरलँड्समध्ये भरलेल्या डॉर्टच्या सभेतून आले. आर्मिनियसच्या अनुयायांनी १६१० साली पाच कलमांत मांडलेल्या आक्षेपांना तिथे उत्तर देण्यात आलं. ते एका वादाचं उत्तर आहे, पूर्ण शिकवण नव्हे. देवाचा करार (आपल्या लोकांशी त्याने बांधलेलं नातं), मंडळीची व्यवस्था, बाप्तिस्मा, प्रभुभोजन, दहा आज्ञा, प्रार्थना हे सगळं त्या पाचांत मावत नाही. नुसते पाच मुद्दे पाठ केलेला माणूस वादात जिंकतो, पण आजारी आईच्या उशाशी काय बोलावं ते त्याला सुचत नाही.

त्याऐवजी १५६३ ची हायडेलबर्ग प्रश्नोत्तरी, म्हणजे प्रश्न-उत्तरांत मांडलेली पूर्ण शिकवण, घ्या. तिच्यात १२९ प्रश्न आहेत आणि ते ५२ रविवारांत विभागलेले आहेत, म्हणजे वर्षाचं वेळापत्रक आयतंच मिळतं. पहिलाच प्रश्न जगताना आणि मरताना तुझं एकमेव सांत्वन कोणतं, असा आहे. तिचा क्रमही घरात सांगण्याजोगा आहे: आधी माणसाचं दुःख, मग सुटका, मग कृतज्ञता. दहा आज्ञा कृतज्ञतेच्या भागात येतात, हे मुलांना मुद्दाम दाखवा. दुसऱ्या वर्षी वेस्टमिन्स्टरची लघु प्रश्नोत्तरी घेता येते. तिच्या १०७ प्रश्नांतले आठवड्याला दोन घेतले तर ५४ आठवडे लागतात.

रोजची कौटुंबिक प्रार्थना पंधरा-वीस मिनिटांपेक्षा लांबवू नका. एक स्तोत्र किंवा ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातलं एक गीत, शास्त्रातला एक उतारा, आठवड्याचा प्रश्न आणि एक छोटी प्रार्थना एवढं पुरतं. उत्तर आधी मोठ्यांनी पाठ करावं. बाबांनाच येत नसेल तर मुलं दोन आठवड्यांत कंटाळतात. सातपेक्षा लहान मुलांना उत्तराचं पहिलं वाक्य पुरे.

मराठीत वाचताना दोन शब्दांवर डोळा ठेवा. ‘नीतिमान ठरवणे’ हा न्यायालयातला निकाल आहे. त्याच्या जागी कुठे ‘नीतिमान बनवणे’ आलं तर रोमन कॅथलिक आणि रिफॉर्म्ड शिकवणीतला मूळ फरकच पुसला जातो. दुसरं म्हणजे ‘विश्वासाने’ आणि ‘विश्वासामुळे’ यांतला फरक; आपल्याला हवा तो ‘विश्वासाने’. विश्वास हा ख्रिस्ताला धरणारा रिकामा हात आहे, तारण मिळवून देणारी लायकी नव्हे. हायडेलबर्गचे ६० आणि ६१ हे प्रश्न याच मुद्द्यावर आहेत. ते दोन संध्याकाळी सावकाश घ्या.

निवडीचा विषय आला की घरातला सर्वांत हळवा माणूस आधी दुखावतो. ‘मग माझा भाऊ निवडलेला नाही का?’ या प्रश्नाला देवाच्या निवडीविषयी रोखठोक बोलणारा रोमकरांस ९ वा अध्याय फेकून मारू नये. आधी इफिसकरांस १ आणि योहान ६:३७ वाचा, आणि भावासाठी प्रार्थना चालू ठेवा. कोण निवडलेलं आहे हे शोधायचं काम आपल्याला दिलेलंच नाही. बाळ गमावलेल्या आईसमोर डॉर्टच्या सभेने दिलेल्या उत्तराच्या पहिल्या भागातलं १७ वं कलम ठेवा. विश्वासू आईबापांनी बालपणीच देवाने नेलेल्या आपल्या लेकरांच्या तारणाविषयी शंका धरू नये, असं त्यात म्हटलं आहे. सर्वांचं तारण व्हावं अशी देवाची इच्छा सांगणाऱ्या १ तीमथ्य २:४ आणि २ पेत्र ३:९ या वचनांवर प्रश्न येणारच. त्यांची तयारी आधीच करा, त्यांना टाळू नका.

कुटुंब वसईकडचं किंवा गोव्याचं, कॅथलिक परंपरेतलं असेल तर दहा आज्ञांच्या क्रमावरून गोंधळ होतो. रिफॉर्म्ड मोजणीत मूर्तींविषयीची आज्ञा स्वतंत्र, दुसरी येते, आणि लोभाच्या दोन आज्ञांची एकच दहावी होते. हे समजलं म्हणून आजीच्या देव्हाऱ्याला हात लावू नका. तुमच्या खोलीतलं तुम्ही ठरवा, तिचं तिला ठरवू द्या. कॅथलिक मंडळीत त्रैक्याच्या नावाने झालेला बाप्तिस्मा बहुतेक प्रेस्बिटेरियन (निवडलेल्या वडीलजनांनी चालवलेल्या) मंडळ्या पुन्हा देत नाहीत, रिफॉर्म्ड बॅप्टिस्ट मंडळ्या देतात.

मंडळी शोधायला निघण्याआधी नवरा-बायकोने तान्ह्यांच्या बाप्तिस्म्याविषयी एकमत करावं. उत्पत्ती १७, प्रेषितांची कृत्ये २:३९, कलस्सै २:११-१२ आणि १ करिंथ ७:१४ एकत्र वाचा. करारात विश्वासणाऱ्यांची मुलंही येतात असं पटलं तर वाट वेस्टमिन्स्टर किंवा हायडेलबर्ग मानणाऱ्या मंडळीकडे जाते. आधी स्वतःचा विश्वास, मग बाप्तिस्मा असं पटलं तर १६८९ चं बॅप्टिस्ट कन्फेशन (विश्वासाचं लेखी निवेदन) मानणाऱ्या मंडळीकडे. हा निर्णय पुढे ढकलला तर मंडळी सापडल्यावर, पाळणा हलायला लागल्यावर भांडण उभं राहतं.

आता प्रत्यक्ष शोध. महाराष्ट्रातल्या अनेक जुन्या मराठी मंडळ्यांचं मूळच या परंपरेत आहे. नगरकडे अमेरिकन मराठी मिशन काँग्रिगेशनल (प्रत्येक मंडळी आपला कारभार स्वतः पाहते अशा पद्धतीचं) होतं, मुंबई-पुण्यात स्कॉटिश मिशन होतं, कोल्हापूरकडे अमेरिकन प्रेस्बिटेरियन. यांतल्या अनेक मंडळ्या युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियामार्गे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात गेल्या. तिथे आता बिशप आहेत आणि अँग्लिकन, मेथडिस्ट, बॅप्टिस्ट वारसेही एकत्र नांदतात. आजीच्या ट्रंकेत पणजोबांचा जुना सभासद दाखला सापडला तर आपण ‘नव्या पंथात’ चाललोय असं वाटणाऱ्या नातेवाइकांना तो जरूर दाखवा.

पाटीवरच्या नावावर विसंबू नका. ‘प्रेस्बिटेरियन’ लिहिलेल्या चर्चमध्ये कन्फेशन कपाटात पडलेलं असू शकतं आणि ‘ग्रेस’ लिहिलेल्या हॉलमध्ये ते दर रविवारी वाचलं जात असू शकतं. नव्या शहरी मंडळ्यांत मुख्य धोका वेगळा आहे. उपदेश उत्तम, पण पाळकाला जाब विचारणारं कोणीच नाही. तीताला १:५ मध्ये ‘वडील’ (मंडळीची देखरेख करणारे वडीलजन) अनेकवचनात आहेत, ते उगाच नाही.

किमान सहा रविवार सलग जा, म्हणजे त्यात एक प्रभुभोजन येईल. बऱ्याच ठिकाणी ते महिन्याच्या पहिल्या रविवारी असतं. उपदेश उताऱ्यातून निघतो की उतारा उपदेशाला टांगला जातो, ते ऐका. भोजनाआधी कोणी येऊन ‘तुमचा बाप्तिस्मा कुठे झाला, सभासद कुठले?’ असं विचारलं तर रागावू नका. विचारणा होणं हे चांगलं लक्षण आहे. मग मंडळीच्या वडिलांशी वेळ ठरवून बसा आणि विचारा: पाळक आणि वडील कोणत्या कन्फेशनला बांधील आहेत आणि कुठे असहमत आहेत? वडील किती, कोणी निवडले? निर्णय पटला नाही तर दाद कुठे मागायची, प्रेस्बिटरी (अनेक मंडळ्यांच्या पाळक-वडिलांची वरची सभा) आहे का? ट्रस्ट नोंदणीकृत आहे का, तपासलेले हिशोब सभासदांना दाखवतात का? शेवटच्या प्रश्नावर चेहरे बदलले तर तेही उत्तरच आहे.

दोन गोष्टी लोक हमखास विसरतात: लग्न आणि दफन. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याखाली लग्न लावायचं तर लावणाऱ्याला तसा अधिकार किंवा परवाना लागतो. छोट्या नव्या मंडळीच्या पाळकांकडे तो असेलच असं नाही. नसेल तर अधिकार असलेले दुसरे पाळक किंवा विवाह निबंधक गाठावे लागतात. गोव्यात नियम वेगळे आहेत. दफनभूमीतली जागाही अनेक गावांत जुन्या मंडळीच्या सभासदत्वाला जोडलेली असते. सभासदत्व सोडण्याआधी घरच्या कबरींचं आणि पुढच्या हक्काचं काय, हे कमिटीकडून लेखी विचारा. मयताच्या दिवशी हा वाद अतिशय वाईट होतो.

जाताना पाळकांना समोर भेटा, आभार माना, बाप्तिस्म्याचे दाखले आणि सभासद पत्र मागा. कारण दोन वाक्यांत सांगा. सोबत इतर कुटुंबं ओढून नेऊ नका.

आणि पोचण्याजोग्या अंतरावर काहीच नसेल तर? लाईव्ह प्रक्षेपण पाहत घरी बसू नका. त्यात प्रभुभोजन नाही, वडील नाहीत, तुमच्या तापात डबा आणणारं कोणी नाही. जवळच्या ज्या मंडळीत येशूचं मरण आणि पुनरुत्थान सरळ सांगितलं जातं, तिथे सभासद राहा आणि घरी प्रश्नोत्तरी चालू ठेवा. जमेल तसं, महिन्यातून एकदा का होईना, दूरच्या रिफॉर्म्ड मंडळीत जाऊन या. पुढच्या बदलीचं किंवा भाड्याच्या घराचं ठरवताना मात्र शाळा आणि स्टेशनच्या आधी मंडळीचं अंतर मोजा.