बेचिराख गाव पायी कसं वाचायचं

आपल्या महसुली दप्तरात ओस पडलेल्या गावाला ‘बेचिराख’ म्हणतात, म्हणजे जिथे दिवा लागत नाही असं. इंग्लंडमध्ये मध्ययुगातली अशी सुमारे ३००० गावं माहीत आहेत. सुरुवात यॉर्कशायरमधल्या वॉरम पर्सीपासून करा.

जुलैत जाऊ नका. मी पहिल्यांदा तेव्हाच गेले आणि गुडघाभर गवतात पडक्या चर्चपलीकडे काहीच दिसलं नाही. फेब्रुवारीत, निरभ्र दिवशी, चारच्या सुमाराला जा. तिरप्या उन्हात वीतभर उंचवट्याचीही सावली पडते आणि बघता बघता गाव वर येतं.

आधी रस्ता शोधा. खुरांनी आणि चाकांनी खचलेली ती रुंद, खोलगट वाट असते. तिच्यात उभं राहिलात की कडेला चौकोनी उंचवटे दिसतील. ती घरांची जागा. मागचा लांबट पट्टा म्हणजे परसू. एखाद्या उंचवट्यावर जरा थांबा. अशा गावांच्या उत्खननात काही घरांची जमीन मधोमध खोलगट झालेली सापडली आहे, रोजच्या झाडण्याने. हे कळल्यापासून मला त्या चौकोनावरून भराभर चालवत नाही.

आपली पांढरी, म्हणजे गावठाणाची जमीन, ओळखू येते तशी इथलीही येते. माणसं-गुरं राहिलेल्या मातीत फॉस्फेट जास्त, म्हणून तिथे नेटल नावाचं अंगाला झोंबणारं झुडूप माजतं. काळी, म्हणजे शेतजमीन, बघायची तर इंग्लंडच्या मध्यभागी, मिडलंड्सच्या कुरणांत जा. तिथले नांगराचे जुने वरंबे टोकाला वळलेले असतात, कारण आठ बैलांची रांग वळवायला आधीपासूनच कलावं लागे.

‘प्लेगने गाव मेलं’ असं कुणीतरी सांगेलच. १३४८-४९ च्या साथीने वस्ती विरळ झाली हे खरं, पण वॉरममध्ये त्यानंतरही पिढ्या नांदल्या. १५०० च्या सुमाराला लोकरीसाठी मेंढ्या हव्या झाल्या आणि उरलेली कुळं गेली. इतिहासकार मॉरिस बेरेसफर्ड आणि पुरातत्त्वज्ञ जॉन हर्स्ट यांनी १९५० ते १९९० अशी ४० वर्षं इथे खोदकाम केलं, तेव्हा कुठे हे उलगडलं.

मेटल डिटेक्टर घरीच ठेवा. संरक्षित जागी विनापरवाना वापरणं गुन्हा आहे. मोल नावाचा प्राणी बिळातून माती वर लोटतो, ते ढिगारे मात्र जरूर बघा. एकदा मला त्यात खापराचा तुकडा दिसला, हिरवट झिलईचा, काठावर बोट दाबल्याची खूण असलेला. माझी करंगळी त्यात बरोबर बसली. होता तसाच पालथा ठेवला.