सरकारी बांधकामाचे अंदाजपत्रक: पात्रता, पद्धत आणि कोल्हापूर जिल्ह्यातील खाचाखोचा

सरकारी खात्यात अंदाजपत्रक तयार करणाऱ्याला वेगळे पदनाम सहसा नसते, ही गोष्ट या कामाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांना बहुधा कोणी सांगत नाही. सार्वजनिक बांधकाम विभाग असो, जिल्हा परिषदेचा बांधकाम विभाग असो किंवा महानगरपालिका, अंदाजपत्रकाचा पहिला मसुदा कनिष्ठ अभियंता किंवा शाखा अभियंता तयार करतो, उपअभियंता तो तपासतो आणि रकमेनुसार कार्यकारी अभियंता किंवा त्यावरील अधिकारी त्यास तांत्रिक मान्यता देतो. म्हणून ज्याला हे काम करायचे आहे त्याने 'अंदाजकर्ता' या नावाची जाहिरात शोधत बसू नये. स्थापत्य अभियंत्याच्या जाहिराती पाहाव्यात.

कनिष्ठ अभियंता पदासाठी दहावीनंतरची तीन वर्षांची स्थापत्य पदविका ही मूळ अर्हता होय, आणि कोल्हापुरातील शासकीय तंत्रनिकेतनासह अनेक संस्थांत ती घेता येते. पदवीधरांना महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या स्थापत्य अभियांत्रिकी सेवा परीक्षेतून वरच्या पदांवर थेट जाता येते, तर केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागातील कनिष्ठ अभियंत्यांची भरती कर्मचारी निवड आयोगामार्फत होते. स्थापत्य अभियांत्रिकी सहाय्यक हे त्याखालचे पद असून मोजमापे घेणे आणि परिमाणे काढणे यांत त्याचा मोठा वाटा असतो. वयोमर्यादा आणि समकक्ष अर्हतेचे नियम जाहिरातीगणिक बदलतात. ते जाहिरातीतच वाचावेत, मित्राच्या सांगण्यावर विसंबू नये.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. सरकारी कामाला आधी प्रशासकीय मान्यता लागते आणि ती सहसा ढोबळ अंदाजपत्रकावर, म्हणजे इमारतीच्या बाबतीत चटई क्षेत्रफळाच्या किंवा जोत्याच्या क्षेत्रफळाच्या दरावर, दिली जाते. त्यानंतर नकाशे आणि संकल्पचित्रे हाती आल्यावर सविस्तर अंदाजपत्रक करून तांत्रिक मान्यता घेतली जाते, आणि मगच निविदा निघते. सविस्तर अंदाजपत्रकात मोजमाप पत्रक, बाबनिहाय परिमाण, दर आणि रक्कम दाखवणारा गोषवारा, दर पृथक्करण आणि वाहतूक अंतराचा तक्ता, ज्याला कार्यालयात सगळेच 'लीड चार्ट' म्हणतात, एवढी कागदपत्रे असावी लागतात. यांपैकी गोषवारा सर्वांत जास्त वाचला जातो, पण चूक बहुतेक वेळा मोजमाप पत्रकात आणि लीड चार्टमध्ये असते.

एक साधे उदाहरण घेऊ. शाळेची एक खोली आतून 7.00 मीटर लांब आणि 5.50 मीटर रुंद आहे, भिंत 0.23 मीटर जाडीची आहे, आणि पायाचा चर 0.90 मीटर रुंद व 1.20 मीटर खोल धरला आहे. भिंतीच्या मध्यरेषेने मोजल्यास चराची लांबी 7.23 आणि 5.73 यांच्या बेरजेच्या दुप्पट, म्हणजे 25.92 मीटर येते, आणि खोदाई 27.99 घनमीटर होते. नवशिका अभियंता मध्यरेषेऐवजी भिंतीची बाहेरची लांबी घेतो, त्यामुळे कोपरे दोनदा मोजले जातात आणि खोदाई 28.99 घनमीटर दिसते. तपासणीत या एका घनमीटरवर लाल शाईने शेरा पडतो, आणि तो पडावाही. पण हीच खोली शिरोळ तालुक्यातील काळ्या जमिनीवर असेल आणि टणक थर 2.00 मीटरवर लागला, तर खोदाई 46.66 घनमीटर होते, म्हणजे सुमारे 18.67 घनमीटरची वाढ होते आणि तिच्यावर कोणीच शेरा मारलेला नसतो, कारण कागदावरचे गणित अगदी बरोबर असते.

हे मी स्वानुभवाने सांगतो. नोकरीच्या पहिल्या वर्षात मी एकच चाचणी खड्डा घेतला होता, तोही रस्त्याच्या कडेला जिथे जीप उभी होती तिथे, आणि तिथे जुना मुरूम भराव निघाला. प्रत्यक्ष पाया मागच्या बाजूला काळ्या मातीत गेला. तेव्हापासून इमारतीच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत आणि मध्यभागी असे किमान तीन खड्डे घेतल्याशिवाय मी खोलीचा आकडा लिहीत नाही. प्रत्येक खड्ड्यात माती, मऊ मुरूम, कठीण मुरूम, मऊ खडक यांपैकी काय किती खोलीवर लागले ते मीटरमध्ये नोंदवावे, कारण दरसूचीत, म्हणजे शासनाने ठरवलेल्या दरांच्या यादीत, या प्रत्येक थराच्या खोदाईचा दर वेगळा असतो.

कोल्हापूर जिल्ह्यात जागेची पाहणी अधिकच महत्त्वाची ठरते, कारण पूर्वेला हातकणंगले-शिरोळकडे काळी जमीन, पश्चिमेला पन्हाळा, आजरा आणि चंदगड भागात जांभा, आणि गगनबावडा-राधानगरीकडे अतिवृष्टी असा पालट एका दिवसाच्या प्रवासात दिसतो. नदीकाठच्या गावी गेल्यास 2019 च्या महापुराचे पाणी कुठवर आले होते ते दोघा-तिघांना वेगवेगळे विचारावे, भिंतीवरची खूण पाहावी आणि जोत्याची उंची त्या खुणेशी ताडून पाहावी. जोते वाढले की भराव, दगडी किंवा वीटकाम आणि पायऱ्या अशा तीन-चार बाबी एकदम वाढतात. ज्या रचनेला राज्यभर कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणतात त्याच्या दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात तर पाणी वळवणे आणि उपसणे या बाबी विसरल्यास काम सुरूच होत नाही, कारण वरच्या बाजूचे उपसा सिंचन करणारे शेतकरी बरगे, म्हणजे बंधाऱ्यात पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढून पाणी सोडून द्यायला सहजासहजी तयार होत नाहीत, आणि त्यांचे म्हणणे रास्तही असते.

मोजमापाची पद्धत भारतीय मानक 1200 प्रमाणे असते आणि तिच्यातील वजावटीचे नियम पाठ असावेत. गिलाव्यात 0.5 चौरस मीटरपर्यंतच्या उघड्या जागेची वजावट होत नाही, 0.5 ते 3 चौरस मीटरच्या खिडकी-दारासाठी दोन्ही बाजूंना सारखाच गिलावा असेल तर एकाच बाजूची वजावट होते. त्याहून मोठ्या जागेची दोन्ही बाजूंनी वजावट करून काठांचे क्षेत्र मिळवावे लागते. सळईचे वजन मिलिमीटरमधील व्यासाच्या वर्गाला 162 ने भागून प्रतिमीटर किलोग्रॅममध्ये मिळते, म्हणून 12 मिलिमीटरची सळई मीटरला सुमारे 0.89 किलो भरते.

दर राज्याच्या दरसूचीतून घ्यावेत, आणि दरसूचीच्या सुरुवातीच्या टिपा बाबींइतक्याच काळजीने वाचाव्यात. दरसूचीत नसलेल्या बाबीसाठी साहित्य, मजुरी, यंत्रसामग्री आणि कंत्राटदाराचा नफा व वरखर्च असे दर पृथक्करण जोडावे. केंद्रीय विभागाच्या पृथक्करणात नफा व वरखर्च मिळून 15 टक्के धरतात. लीड चार्टमध्ये खाणीचे नाव लिहिताना खडी तिथून खरोखर मिळते का हे विचारून घ्यावे. कोल्हापूर शहराजवळच्या टोप किंवा शिये येथील खाणीचे अंतर शहरातील कामाला ठीक, पण तेच अंतर चंदगडच्या कामाला सवयीने उतरवलेले मी पाहिले आहे. पुरवठादार ब्रासमध्ये बोलतो आणि अंदाजपत्रक घनमीटरमध्ये असते. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, अर्थात 2.83 घनमीटर, हे रूपांतर दरपत्रक मागवतानाच करून ठेवावे.

गोषवाऱ्याच्या बेरजेनंतर वस्तू व सेवा कर, जो जुलै 2022 पासून सरकारी बांधकाम कंत्राटांवर बहुतांशी 18 टक्के आहे, आणि आकस्मिक खर्च वेगळे दाखवावेत. बांधकाम कामगार कल्याण उपकराचा 1 टक्काही अनेकदा राहून जातो.

परिमाणांबाबत इतका आग्रह धरण्याचे कारण निविदेत आहे. निविदेच्या बी-1 नमुन्यात कंत्राटदार खात्याच्या गोषवाऱ्यावर अमुक टक्के कमी किंवा जादा अशी एकच टक्केवारी भरतो, आणि एखाद्या बाबीचे परिमाण निविदेपेक्षा 25 टक्क्यांहून अधिक वाढले तर त्या वरच्या भागाचा दर त्याच नमुन्यातील खंड 38 प्रमाणे नव्याने ठरवावा लागतो. वरच्या उदाहरणातील खोदाई जवळजवळ 67 टक्क्यांनी वाढली होती. मग प्रस्ताव, खुलासा, सुधारित अंदाजपत्रक असा प्रवास सुरू होतो, आणि लेखापरीक्षणात पहिला प्रश्न चाचणी खड्ड्यांच्या नोंदीविषयी येतो. ती नोंद तारखेसह, खड्ड्याच्या जागेचा छोटा नकाशा आणि मोजपट्टी दिसेल असे छायाचित्र जोडून, अंदाजपत्रकाच्या नस्तीतच ठेवावी.