फणसाच्या गाठीतला तडा

सावंतवाडीजवळ पाडलेल्या फणसाच्या बुंध्यावरची गाठ मिळाली. लेथवर (लाकूड फिरवत कोरायच्या यंत्रावर) वाडगा अर्धा उतरला आणि काठाशी तडा दिसला, आत सालीचा काळा पट्टा. गाठीत लाकडाच्या रेषा चहूकडे वळतात, म्हणून सुकताना लाकूड सारखं आकसत नाही. त्यात हे पावसाळ्यातलं ओलं. काका म्हणाले, "घाई कित्याक करतंस?"

लेथ बंद केला. लाकूड महिनाभर सावलीत सुकवलं. भुसभुशीत साल टोच्याने उकरली, कडेला लाखेचा हात दिला (नाहीतर सुपरग्लूचा डाग उतरतो), फटीत त्याच लाकडाचा भुसा दाबून वर पातळ सुपरग्लू सोडला. दोनदा. दुसऱ्या दिवशी कमी वेगावर, ताज्या धारेच्या पटाशीने हलके हात मारले. भरलेला तडा टिकला. रेघ मात्र काळपट दिसते. मला आवडते, बायकोला नाही.