इंग्लंडमधल्या जुन्या वाड्यावरचा क्राफ्ट फेस्टिवल नीट कसा बघायचा

उन्हाळा आला की इकडे इंग्लंडमध्ये कंट्री हाऊसच्या, म्हणजे लॉर्ड लोकांच्या गावाकडच्या वाड्यांच्या, आवारात क्राफ्ट फेस्टिवल सुरू होतात आणि आपली मंडळी जत्रेला गेल्यासारखी जातात, दोन तासांत सगळे तंबू पालथे घालून एक साबण आणि एक मग घेऊन घरी. पहिल्या वर्षी मीही हेच केलं.

आधी तिकिटाचं. नॅशनल ट्रस्टचं (जुने वाडे, बागा सांभाळणारी इथली संस्था) कार्ड आहे म्हणून निवांत बसू नका, बरेच वाडे ट्रस्टचे नसतातच (हॅटफिल्ड हाऊस १६११ साली बांधून झालं, आजही सेसिल घराण्याकडेच आहे) आणि ट्रस्टचा असला तरी फेस्टिवलचं तिकीट वेगळं असू शकतं. वर्कशॉप करायचं असेल तर जागा मोजक्या असतात, आधीच बुक करा. गाडी बहुतेक वेळा कुरणातच लावायची असते, तेव्हा पाऊस झाला असेल तर चांगले बूट घालून जाऊ नका, आणि वाडा आतून बघायचा असेल तर टोकदार हील्स नकोत, जुन्या लाकडी जमिनीला खड्डे पडतात म्हणून अडवतात.

आत गेल्यावर पहिली फेरी पाकीट न काढता मारा. नुसतं विकतंय कोण आणि बसून बनवतंय कोण ते बघा. ऑक्सफर्डजवळ वॉटरपेरीला १९७७ ते २०१६ 'आर्ट इन ॲक्शन' भरायचं, त्याचं नाव झालं ते याचमुळे, कारागीर समोर काम करायचे. मग एकच जण निवडायचा आणि त्याच्यापाशी अर्धा तास ठाण मांडायचं, हो, अर्धा तास, पोरं कुरकुर करतील, करू दे.

पोल लेथवाला, म्हणजे पायाने चालवायच्या यंत्रावर लाकूड कातणारा, दिसला तर तोच निवडा. वर एक लवचिक दांडा, त्याला बांधलेली दोरी लाकडाला एक वेढा घालून खाली पायपट्टीला. पाय दाबला की लाकूड आपल्याकडे फिरतं आणि पटाशी लागते, पाय सोडला की दांडा दोरी वर ओढतो आणि लाकूड उलटं फिरतं, तेव्हा पटाशी जरा मागे. म्हणजे काम फक्त पाय खाली जाताना. चिल्टर्न टेकड्यांत असंच बीच झाडाचं ओलं, म्हणजे ताजं तोडलेलं, लाकूड कातून हाय विकम गावच्या कारखान्यांना खुर्च्यांचे पाय पुरवायचे, त्या लोकांना बॉजर म्हणायचे. लेथवाल्याला विचारा की ओलं लाकूड कशाला? ओलं मऊ कातलं जातं हे एक, आणि खुर्चीची आडवी दांडी वाळवून ओल्या पायाच्या भोकात ठोकली की पाय वाळताना आकसून तिला आवळून धरतो.

टोपल्या विणणाऱ्याकडे, म्हणजे तिकडच्या बुरुडाकडे, विलोचे, म्हणजे टोपल्यांसाठी वापरतात त्या झाडाच्या लवचिक काड्यांचे, रंग विचारा. सालीसकट ती ब्राऊन, सोललेली ती व्हाइट, आणि सालीसकट उकळून मग सोललेली ती बफ, सालीचा रंग आत उतरतो म्हणून तांबूस. ब्राऊन काडी भिजवायचा अंदाज फुटाला एक दिवस, सहा फुटी काडी म्हणजे आठवडाभर पाण्यात! हे ऐकल्यावर किंमत बघून तोंड वाकडं होत नाही. आणि भाव करू नका, प्लीज, इथे ते फार वाईट दिसतं. फार तर दोन घेतल्या तर काही कमी होईल का एवढं विचारा, नाही म्हटलं तर गप्प बसा.

घेतलीच टोपली तर प्लास्टिकमध्ये गुंडाळून डिकीत विसरू नका. माझी पहिली परडी ताजी विणलेली, आतून ओलसर, चार दिवसांनी काढली तर पांढरी बुरशी. त्यातलं बरंचसं पुसून गेलं पण वास काही गेला नाही. घरी आल्या आल्या हवेशीर ठेवा, हीटरजवळ मात्र नको.

आणि एक प्रश्न हमखास विचारा, तुमच्याकडे कोणी शिकतंय का? इथे हेरिटेज क्राफ्ट्स नावाच्या संस्थेचे लोक संपत चाललेल्या कलांची रेड लिस्ट काढतात, २०१७ च्या पहिल्याच यादीत हाताने क्रिकेट बॉल शिवणं ब्रिटनमधून नामशेष झाल्याचं लिहिलं होतं. चाळणी बनवणंही त्यातच होतं, ते मात्र नंतर परत सुरू झालं. या प्रश्नावर कारागीर जे बोलायला लागतात ना, चहाची वेळ निघून जाते, म्हणून स्कोन (चहाबरोबरचा छोटा केकसारखा पाव) आधीच खाऊन घ्या.